लाइट आली की पाऊस वाढतो: पर्जन्यमापकाच्या पलट्या मोजताना पोलिंग नेमके कुठे चुकते

आधी लक्षणे सांगतो, म्हणजे तुमचा आजार हाच आहे का ते लगेच कळेल. पारड्याचा पर्जन्यमापक आहे (०.२ मिमी पाऊस साठला की पारडे एकदा उलटते), त्यात रीड स्विच आहे (चुंबक समोर आला की मिटणारा), स्विचची वायर मायक्रोकंट्रोलरच्या, म्हणजे प्रोग्राम चालवणाऱ्या छोट्या चिपच्या, पिनवर आली आहे. स्विच उघडा असला की पिन १ वाचते, मिटला की ०. प्रोग्राम फिरत फिरत पिन वाचतो (यालाच पोलिंग म्हणतात) आणि पिन बदललेली दिसली की मोजणीत एक मिळवतो. हाताने पारडे उलटले तर आकडा कधी वाढतो, कधी ढिम्म हलत नाही. किंवा एकाच पलटीला दोन-तीन वाढतात. किंवा कोरड्या दुपारी लाइट जाऊन आली की ०.२ मिमी पाऊस नोंदला जातो. किंवा विहिरीवरचा पंप सुरू करताच पाऊस पडतो.

हे चारही प्रकार मी एकाच यंत्रात पाहिले, तेही एकामागोमाग एक. एक दुरुस्त केला की दुसरा डोके वर काढी. म्हणूनच दर पावसाळ्यात कोणी ना कोणी मला हेच विचारतो, आणि मी दर वेळी अर्धेच उत्तर देतो. या वेळी सगळे लिहून टाकतो.

यंत्र गोव्यात सावईवेऱ्याला मामांच्या कुळागरात, म्हणजे पोफळीच्या बागेत आहे. पोफळीवर कोळेरोग येऊ नये म्हणून पावसाआधी बोर्डो मिश्रणाची फवारणी होते (एक किलो मोरचूद, एक किलो चुना, शंभर लिटर पाणी), आणि साधारण चाळीस-पंचेचाळीस दिवसांनी दुसरी. मधल्या काळात किती पाऊस झाला हे मामांना हवे असते. त्यांचे स्वतःचे साधन म्हणजे उभ्या भिंतींचा एक पत्र्याचा डबा आणि फूटपट्टी. हवामान खात्याप्रमाणे रोज सकाळी साडेआठला ते डबा मोजतात आणि रिकामा करतात. माझे यंत्र अर्डुइनो उनोवर, म्हणजे १६ मेगाहर्ट्‌झच्या एटीमेगा ३२८पी या चिपवर चालते. पहिल्या वर्षी डबा आणि यंत्र यांचा मेळ बसला नाही. यंत्र डब्याच्या पाऊणपट दाखवी, आणि तेही जवळजवळ रोज. मी काय करावे? प्रोग्रामात १.३३ने गुणले. मेळ बसला, मी खूश.

दुसऱ्या वर्षी त्याच खोक्यात तापमानाचा सेन्सर बसवला. चवथीच्या आधीच्या आठवड्यात एका सकाळी डब्यात ६४ मिमी, यंत्रात ९. मामा म्हणाले, "अरे, तुझ्या मशिनाला सर्दी झालीय काय? पाऊस ऐकूच येत नाही त्याला."

त्या गुणाकाराची मला आजही लाज वाटते. आकडा रोज एकाच प्रमाणात कमी येतो म्हणजे यंत्र फक्त थोडे 'हळू' आहे, असे मी धरून चाललो होतो. प्रत्यक्षात ते दर चौथी पलटी बघतच नव्हते.

कारण साधे आहे. पोलिंग म्हणजे राखणदाराची फेरी. माकडे कुळागरात येतात, पाच मिनिटांत नासधूस करून जातात. राखणदार दर दोन मिनिटांनी फेरी मारत असेल तर माकडे त्याला दिसणारच. तो तासभर जेवायला बसला तर दिसणार नाहीत, मग नजर कितीही तीक्ष्ण असो. माझ्या पर्जन्यमापकात पारडे उलटताना लोहचुंबक रीड स्विचसमोरून जातो आणि स्विच सुमारे ९० मिलिसेकंद मिटलेला राहतो. पहिल्या वर्षी प्रोग्रामची एक फेरी सुमारे १२० मिलिसेकंदांची होती, कारण प्रत्येक फेरीत चार ओळींचा एलसीडी पूर्ण लिहिला जाई. दोन वायरींवर चालणाऱ्या त्या पडद्याच्या ऐंशी अक्षरांना शंभरेक मिलिसेकंद सहज लागतात. १२० पैकी ९०, म्हणजे पाऊणपट. तापमानाचा सेन्सर डीएस१८बी२० होता. बारा बिटांच्या अचूकतेला त्याला ७५० मिलिसेकंद लागतात, आणि नेहमीची लायब्ररी तेवढा वेळ प्रोग्रामला उभे करून ठेवते. फेरी झाली ८७० मिलिसेकंदांची. ८७० पैकी ९०, म्हणजे दहात जेमतेम एक पलटी दिसणार. ६४चा दहावा भाग, त्याला १.३३ने गुणा. ९ आले की नाही?

आता एक गैरसमज. पाऊस जोराचा असला की पलट्या भराभर होतात आणि मायक्रोकंट्रोलरला झेपत नाहीत, असे अनेकजण सांगतात. हिशोब करा. ताशी १०० मिमी पाऊस म्हणजे ०.२ मिमीच्या ५०० पलट्या, दर सात सेकंदांना एक. १६ मेगाहर्ट्‌झच्या चिपला सात सेकंद म्हणजे युग. दोन पलट्यांमधले अंतर इथे प्रश्नच नाही. प्रश्न आहे एका पलटीत स्विच किती वेळ मिटतो आणि तेवढ्या वेळात आपण पिनकडे एकदा तरी बघतो का, हा.

म्हणून कोडला हात लावण्याआधी मोजा. फेरीच्या सुरुवातीला मायक्रोसेकंदांचे घड्याळ वाचायचे, त्यातून मागच्या फेरीची वेळ वजा करायची, आणि सर्वांत मोठा फरक जपून ठेवून मिनिटातून एकदा छापायचा. सरासरी नको, सर्वांत लांब फेरी हवी. सरासरी फेरी २० मिलिसेकंदांची असली आणि तासातून एकदा जीएसएम मॉड्यूल (मोबाइल नेटवर्कला जोडणारा भाग) नेटवर्क शोधत दहा सेकंद अडकत असले, तर त्या दहा सेकंदांतल्या पलट्या गेल्याच. सीरियलवर, म्हणजे लॅपटॉपला जोडलेल्या वायरीवर, सढळ हाताने छापणेही यातच येते. ९६०० बॉडला (सेकंदाला ९६०० बिटांच्या वेगाला) एक अक्षर एक मिलिसेकंदाहून थोडे जास्त घेते, आणि ६४ बाइटांचा बफर भरला की पुढचे छापणे प्रोग्रामला थांबवून ठेवते. दोष शोधायला घातलेल्या छापण्यामुळेच दोष वाढलेला मी पाहिला आहे.

कोडमधल्या चुका

फेरी लांब नसूनही पलट्या चुकत असतील तर तीन ठिकाणी बघा.

पहिली चूक पिन दोनदा वाचण्याची. 'पिन मागच्यापेक्षा वेगळी आहे का' हे बघताना एकदा वाचली आणि 'मागची = पिन' लिहिताना पुन्हा वाचली. या दोन वाचनांमध्ये पिन बदलली तर तो बदल न मोजताच 'मागची'मध्ये जाऊन बसतो. ही चूक महिन्यातून दोनदा दिसते, म्हणून सापडत नाही. एका फेरीत पिन एकदाच वाचायची, ती एका व्हेरिएबलमध्ये ठेवायची, आणि पुढे सगळीकडे तेच व्हेरिएबल वापरायचे. अनेक पिना असतील तर पूर्ण पोर्ट एका वाचनात घ्या. आठही पिनांचे चित्र एकाच क्षणाचे मिळते. मग नवे आणि जुने यांचा एक्सॉर केला की बदललेल्या पिनांचे बिट तेवढे १ उरतात. त्यांचा नव्याशी अँड केला की वर गेलेल्या पिना, जुन्याशी केला की खाली आलेल्या.

दुसरी, 'मागची = आत्ताची' ही ओळ 'जर'च्या कंसात अडकवणे. फक्त खाली येण्याची वेळ तपासली आणि तिथेच मागची स्थिती बदलली, की वर गेलेली पिन कधी नोंदलीच जात नाही. पहिली पलटी मोजली जाते, पुढच्या सगळ्या गायब. तिसरी, बदल न बघता पातळी बघणे: पिन शून्य असेल तर एक मिळव. जलद लूपमध्ये (फिरत्या प्रोग्रामात) एका पलटीचे शेकडो आकडे होतात आणि मग माणूस त्यावर उतारा म्हणून डिले, म्हणजे मुद्दाम थांबणे, घालतो. तिथून आपण पुन्हा लांब फेरीवर येतो.

कमीचे जास्त झाले

मी तापमानाचे वाचन न थांबता करायला लावले, पडदा सेकंदातून एकदाच लिहायला सांगितले, फेरी एक मिलिसेकंदाच्या आत आली. १.३३ अर्थातच काढून टाकले. दुसऱ्या सकाळी डब्यात २२ मिमी आणि यंत्रात ५१.

स्विच मिटताना त्याच्या पात्या एकदम चिकटत नाहीत, एक-दोन मिलिसेकंद थरथरतात. फेरी १२० मिलिसेकंदांची होती तेव्हा ही थरथर दिसायला वावच नव्हता. आता लूप इतका चपळ झाला की प्रत्येक उडी त्याला वेगळी पलटी वाटू लागली. आधीचा दोष नंतरच्या दोषावर पांघरूण घालत होता.

इथे बहुतेकजण सांगतात, 'पोलिंग सोड, इंटरप्ट लाव.' इंटरप्ट म्हणजे पिन बदलताच चिप हातातले काम सोडून धावते ती सोय. मीही लावला. पिन २ वर खाली येणाऱ्या कडेचा इंटरप्ट आणि एकदा मोजल्यावर १०० मिलिसेकंद दुर्लक्ष. दुहेरी मोजणी थांबली. पण पर्जन्यमापकापासून घरापर्यंत तीस मीटर वायर आहे आणि ती पंपाच्या केबलशेजारून येते. स्टार्टरने पंप सुरू केला की वायरीवर काही मायक्रोसेकंदांचा झटका येई. इंटरप्टला झटका आणि पलटी यांतला फरक कळत नाही, कड दिसली की तो हजर. त्यानंतरचे १०० मिलिसेकंदांचे दुर्लक्ष दुसरा झटका टाळते, पहिला नाही. दिवसातून चार वेळा पंप लागला की चार खोट्या पलट्या, ०.८ मिमी. आकडा लहान आहे, पण एप्रिलमध्ये पाऊस दिसला की मामा यंत्रावरचा विश्वासच सोडून देतात, आणि तो परत मिळवायला एक पावसाळा जातो.

माझे मत आता पक्के आहे: माणसाच्या बोटाने, पाण्याने, वाऱ्याने हलणाऱ्या स्विचला पोलिंगच बरे. फक्त ते मुख्य लूपच्या मर्जीवर सोडायचे नाही. राखणदाराची फेरी घड्याळाने बांधून द्यायची.

टायमरच्या ठोक्यावर पोलिंग

चिपमधले टायमर १ हे घड्याळ घेतले. ते ठरलेल्या वेळाने ठोका, म्हणजे इंटरप्ट, देते. १६ मेगाहर्ट्‌झला ६४ने भागले की सेकंदाला अडीच लाख मोजण्या होतात. २ मिलिसेकंदांना ५०० मोजण्या, म्हणून तुलनेच्या रजिस्टरमध्ये ४९९ (शून्यापासून मोजतो म्हणून एक कमी). सर्वो मोटरची लायब्ररी आणि पिन ९, १० वरचे पीडब्ल्यूएम हाच टायमर वापरतात, तेव्हा ते असेल तर दुसरा टायमर शोधा. दर ठोक्याला एवढेच करायचे:

नवी = पिन वाच
जर नवी == स्थिर, तर गणती = ०
नाहीतर
  गणती = गणती + १
  जर गणती == ५, तर
    स्थिर = नवी
    गणती = ०
    जर स्थिर == ०, तर पलट्या = पलट्या + १

पिन सलग पाच ठोके, म्हणजे साधारण १० मिलिसेकंद, नव्या पातळीवर टिकली तरच तिला मान्यता. थरथर दोन मिलिसेकंदांत संपते, म्हणून ती पाचापर्यंत पोहोचत नाही. पंपाचा झटका एखाद्याच ठोक्यावर सापडला तर सापडतो आणि पुढच्या ठोक्याला गणती शून्य होते. ९० मिलिसेकंदांची खरी पलटी मात्र आरामात पास होते. मुख्य लूप तापमानावर पाऊण सेकंद अडकला, जीएसएमसाठी दहा सेकंद थांबला, तरी ठोका चालूच राहतो. आर्द्रतेच्या काही सेन्सरांच्या लायब्ऱ्या वाचताना चार-पाच मिलिसेकंद सगळे इंटरप्ट बंद करतात. तेव्हा एक-दोन ठोके बुडतात, पण नव्वदात ते खपून जातात.

तुमच्या स्विचसाठी आकडे वेगळे निघतील. ठोका गुणिले गणती हे थरथरीपेक्षा बरेच मोठे आणि सर्वांत छोट्या खऱ्या पल्सच्या निम्म्याहून लहान असले पाहिजे. या दोघांमध्ये जागाच उरत नसेल तर दोष स्विचचा आहे, कोडमध्ये तो सुटणार नाही.

५१ मिलिमीटरची उडी

हे झाल्यावर आठवडाभर सगळे सुरळीत चालले आणि मग एका नोंदीत पाऊस एका मिनिटात ५१ मिमीने वाढला, पुढच्या नोंदीत परत खाली. हा दोष मला सर्वांत आवडला, कारण तो आकड्यावरूनच ओळखता आला. ५१ला ०.२ने भागले तर २५५.

'पलट्या' हे दोन बाइटांचे व्हेरिएबल आहे आणि चिप आठ बिटांची. मुख्य लूप आधी खालचा बाइट उचलतो, मग वरचा. मोजणी २५५ असताना लूपने खालचा बाइट उचलला, सगळे बिट १. नेमका तेव्हा ठोका पडला आणि मोजणी २५६ झाली, म्हणजे वरचा बाइट १, खालचा ०. लूप परत आला आणि त्याने वरचा बाइट उचलला, १. हातात आले ५११. खरा आकडा २५६, फरक २५५.

उपाय तीन ओळींचा: इंटरप्ट बंद करा, 'पलट्या' दुसऱ्या व्हेरिएबलमध्ये उतरवून घ्या, इंटरप्ट चालू करा, मग पुढचा सगळा हिशोब त्या प्रतीवर करा. आणि 'पलट्या'च्या घोषणेत व्होलाटाइल लिहायला विसरू नका. नाहीतर कंपायलर तो आकडा रजिस्टरमध्ये धरून बसू शकतो आणि लूपला वाढ दिसतच नाही.

लाइट आली की पाऊस

पावसाळ्यात लाइट जाण्या-येण्याचे मी काय सांगणार. पिनवर मी १० किलोओहम आणि ०.१ मायक्रोफॅरडचा फिल्टर लावला होता. त्याचा काळ एक मिलिसेकंद. लाइट येते तेव्हा कपॅसिटर रिकामा असतो, म्हणून सुरुवातीला क्षणभर पिन शून्य वाचते. जुन्या कोडमध्ये 'मागची = १' असे आधीच लिहून ठेवले होते, कारण स्विच उघडा असताना पिन १ असते. सुरू होताच १ वरून ० झालेले दिसे आणि एक पलटी जमा होई. लाइट पंधरा वेळा गेली-आली तर ३ मिमी पाऊस, आकाशात ढग नसताना.

सुरुवातीची स्थिती कधीही मनाने लिहू नका. चालू झाल्यावर पन्नास मिलिसेकंद थांबा, पिन वाचा, जे मिळेल तेच 'स्थिर' माना, आणि मग टायमर सुरू करा. पारडे मध्येच अडकून स्विच मिटलेला राहिला असेल तर तेही असे कळते. 'स्थिर' शून्य निघाले तर पडद्यावर तशी सूचना द्या.

ओल

कोड बरोबर असूनही फक्त सततच्या पावसात घोळ होत असेल तर कनेक्टर उघडून बघा. चिपच्या आतला पुल-अप रेझिस्टर (स्विच उघडा असताना पिन १ वर धरून ठेवणारा) २० ते ५० किलोओहमचा असतो. ३५ धरा. ओल्या कनेक्टरमधून २० किलोओहमची गळती झाली तर उघड्या स्विचवर ५ऐवजी सुमारे १.८ व्होल्ट मिळतात. या चिपला १.५च्या खाली नक्की शून्य आणि ३च्या वर नक्की एक कळते, मधले सगळे तिच्या लहरीवर. बाहेरून ४.७ किलोओहमचा पुल-अप लावला की त्याच गळतीत ४ व्होल्ट टिकतात. पाच रुपयांचाही खर्च नाही. कनेक्टरला ग्रीस लावा, वायर खोक्यात खालून न्या आणि आत शिरण्याआधी तिला एक झोका द्या, म्हणजे पाणी तिथूनच ठिबकून जाईल.

थोडे विषयांतर. याच ठोक्यावर मी लाइट आहे की नाही हेही बघतो, ऑप्टोकपलरमधून (घरची वीज चिपला न जोडता प्रकाशाने खूण पोहोचवणारा भाग). तिथे वरचे कोड चालत नाही. ५० हर्ट्‌झच्या विजेत एका डायोडचा ऑप्टोकपलर दर २० मिलिसेकंदांत निम्म्याहून कमी वेळच चालू असतो, म्हणून पोलिंगला लाइट सेकंदाला पन्नासदा जाताना दिसते. तिथे नियम वेगळा ठेवावा लागतो: 'चालू' एकदा दिसले की लाइट आहे, आणि सलग ६० मिलिसेकंद एकदाही दिसले नाही तरच गेली.

आणि जिथे पोलिंग खरोखर अपुरे पडते ते ठिकाणही सांगतो. पाइपातला वायएफ-एस२०१ हा प्रवाहमापक मिनिटाला २० लिटरला सेकंदाला १५० पल्स देतो. अर्धी पल्स ३.३ मिलिसेकंदांची, आपली खात्री १० मिलिसेकंदांची. एकही पल्स मोजली जाणार नाही. त्याला इंटरप्ट किंवा हार्डवेअर काउंटरच लावा. बॅटरीवर झोपून राहणाऱ्या यंत्रालाही जागे करायला पिनच्या बदलाचा इंटरप्ट हवा. जागे झाल्यावर मात्र खात्री पोलिंगने करा.

शेवटची चाचणी घरातच करता येते. माझ्या मापकाचे नरसाळे १६ सेंटिमीटर व्यासाचे आहे, क्षेत्रफळ २०१ चौरस सेंटिमीटर, म्हणून ०.२ मिमीची एक पलटी सुमारे ४ मिलिलिटरची. एक लिटर पाणी तळाला बारीक छिद्र पाडलेल्या बाटलीतून थेंबथेंब सोडा. २४९च्या आसपास पलट्या यायला हव्यात. चाचणी चालू असताना पंप दोनदा सुरू करा, यंत्राचा पडदा, तापमान, जीएसएम सगळे चालू ठेवा. बाटली जोरात ओतू नका. पारडे उलटत असतानाही पाणी पडत राहते आणि ते मोजले जात नाही, त्यामुळे जोराच्या धारेत दोन-चार टक्के कमीच येतात. तो पारड्याचा स्वभाव आहे, तुमच्या कोडचा दोष नाही.

माझ्याकडे २४६ आल्या. त्यानंतर डबा आणि यंत्र यांत एक-दोन मिलिमीटरांपेक्षा जास्त फरक पडला नाही, एक दिवस सोडून. त्या दिवशी डब्यात ३८ आणि यंत्रात शून्य होते. मी लॅपटॉप घेऊन फोंड्याहून निघेपर्यंत मामांनी झाकण उघडून बघितले होते. नरसाळ्याच्या भोकात पोफळीचा फुलोरा अडकला होता आणि त्यावर लाल मुंग्यांनी घर केले होते.